लिफ्टच्या दाराजवळची कळ

माझी पणजी लोखंडी जाळीच्या दाराची मूठ होती. गणवेशातला लिफ्टमन दिवसभर तिच्यावर हात ठेवून उभा असे, आणि तिने मनावर घेतल्याशिवाय दार मिटत नसे. माझी आजी पितळी दांडा होती. रोज सकाळी तिला घासूनपुसून लख्ख केल्याखेरीज लिफ्ट जागची हलत नसे. माझी आई काळी, गोल, बोटाच्या पेराएवढी होती आणि तिच्या माथ्यावर ‘बंद’ ही अक्षरे पांढऱ्या रंगात कोरलेली होती. तिघींनी आयुष्यभर एकच काम केले. त्यांनी दारे बंद केली. मित्रांनो, मी त्या घराण्यातली चौथी. मी एक जुनी कळ आहे. सहा मजल्यांच्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये, दाराच्या अगदी जवळ, माझे स्थान आहे. लोक मला बटण म्हणतात. आमच्या घराण्यात तो शब्द चालत नाही.

नीट बसा आणि मध्येच प्रश्न विचारू नका. मला स्वतःलाच पुष्कळ प्रश्न आहेत. जन्मभर हुकूम सोडला आणि उतारवयात समजले की तो कोणी ऐकतच नव्हते, अशी माझी कहाणी आहे. तिचा अर्थ काय लावायचा हे मला अजून धड उमगलेले नाही. तुम्हाला उमगला तर मला येऊन सांगा. मात्र आधी ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला लेथवर गोल केले, चकाकेपर्यंत घासले आणि माझ्या चेहऱ्यावर दोन लहान त्रिकोण कोरले. त्यांची टोके एकमेकांसमोर होती. त्याचा अर्थ, दार मिटवा. त्याच सळईतून, त्याच दिवशी, माझी पाठची बहीण निघाली. तिच्याही चेहऱ्यावर तेच दोन त्रिकोण होते, फक्त टोके बाहेरच्या बाजूला. तिचा अर्थ, दार उघडा. आईसारखी अक्षरे आम्हाला का नाहीत, असे एका कामगाराने विचारले, तेव्हा आखणी करणारे साहेब म्हणाले, “अक्षरं कशाला? चित्र कोणालाही समजतं.”

ते चित्र साहेबांनी भरपूर उजेडात, खुर्चीत बसून, चहा पिता पिता पाहिले होते. हातात दोन पिशव्या, काखेत छत्री आणि समोर मिटत आलेले दार, अशा माणसाच्या डोळ्यांनी ते कोणी पाहिले नव्हते. पण एवढा विचार तेव्हा मला कुठून सुचणार? मी नुसती चकाकत होते.

आम्हाला या इमारतीत बसवले तेव्हा दाराकडची जागा मला मिळाली आणि बहीण माझ्या आतल्या बाजूला गेली. थोरलीचा मान थोरलीला मिळाला, असे मी समजले. बहिणीच्या कामाबद्दल माझे मत फारसे चांगले नव्हते. दार उघडे ठेवणे हे काही शिस्तीचे काम नव्हे. येईल त्याच्यासाठी ताटकळत राहायचे, त्यात कसला आला कारभार? मी तिला हे वारंवार ऐकवी. ती गरीब स्वभावाची, गप्प राही.

पहिले वर्ष वैभवाचे होते. बोट टेकले की दार मिटे. मग तो दिवस आला.

चौथ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक मावशी राहत. घरीच मशीन, घरीच गिऱ्हाईक. दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. इमारतीच्या कारभाराची त्यांना भारी हौस, म्हणून पुढे सगळे त्यांना सेक्रेटरीच म्हणू लागले. त्या दिवसाच्या आदल्या दिवशी दोघांचे कडाक्याचे भांडण झाले होते. मावशींच्या गॅलरीतून ठिबकलेल्या पाण्याने सेक्रेटरींची उन्हात टाकलेली गादी भिजली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरले. मागून मावशी कापडाचे मोठे गाठोडे छातीशी धरून धावत आल्या.

“अहो, थांबवा!” त्या ओरडल्या.

“या, या!” म्हणत सेक्रेटरींनी हात पुढे केला आणि मला दाबले. मला दाबल्यावर मी काय करणार? माझे जे काम, ते मी केले. दार मिटले. मावशींचा डावा हात दारात होता. मनगट मोडले.

“आधी बोलावलंत आणि मग दार तोंडावर आपटलंत!” वेदनेने कळवळत त्या म्हणाल्या. “गादी भिजली म्हणून हात मोडायचा?”

“मी थांबवायचंच बटण दाबलं होतं!” सेक्रेटरी पांढरेफटक पडले होते.

कोणीही त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. मीसुद्धा ठेवला नाही. थांबवायचे असते तर माझ्या बहिणीला दाबले असते. मी तर इतकी ठळक, इतकी चकचकीत. मला ओळखण्यात कोणाची चूक कशी होईल? त्या दिवसापासून ती दोन माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली. मावशी लिफ्टमध्ये असल्या की सेक्रेटरी जिन्याने जात.

आठवड्याभरात कंपनीचा एक तरुण मिस्त्री आला. त्याने दाराच्या कडेला रबराची पट्टी बसवली. तिला धक्का लागला की दार मागे सरे, पण त्यासाठी आधी धक्का लागावा लागे. मग त्याने आमचे पॅनेल उघडले. माझ्या पाठीशी पक्कड वाजली, मला क्षणभर हलके हलके वाटले, आणि झाकण बंद झाले. त्यानंतर दोन दिवस मी एका खोक्यात होते. का, ते मला माहीत नाही. साफसफाई असावी, असे मी ठरवले. तिसऱ्या दिवशी मला परत बसवले आणि माझा कारभार पुन्हा सुरू झाला.

तो एकतीस वर्षे चालला. तिसऱ्या मजल्यावरचे वकील मला लागोपाठ सात वेळा दाबत, आठव्यांदा कधीच नाही. पाचव्या मजल्यावरची नर्स काम आटोपून आली की मला एकदाच दाबून भिंतीला टेकून डोळे मिटून घेई. मला दाबल्यावर माणसांचे खांदे खाली येतात, श्वास सुटतो, हे मी हजारदा पाहिले. दार कधी माझ्या हुकुमासरशी मिटे, तर कधी चार-पाच क्षण लावी. मी स्वतःची समजूत घातली की दाराला वयोमानाने कमी ऐकू येत असावे.

एक कोडे मात्र सुटेना. बाहेरून कोणी धावत येताना दिसले की आतली माणसे तोंडभरून म्हणत, “या, या, थांबवलीय!” आणि दाबत मला. तोंडाने आमंत्रण आणि बोटाने दार बंद! मी त्यांना ढोंगी ठरवले. पण पाचव्या मजल्यावरच्या नर्सने स्वतःच्या आईच्या बाबतीत तेच केले तेव्हा मी चक्रावले. ती काही ढोंगी नव्हती. शिवाय दार मिटत असताना तिने मला इतक्या कळवळ्याने पुनःपुन्हा दाबले की माझ्याकडून तिला नेमके काय हवे होते, हेच मला समजेना.

सेक्रेटरी मात्र हे सारे पाहत आणि भिंतीवर कागद चिकटवत. ‘योग्य बटण दाबावे.’ ‘दाबण्यापूर्वी पाहावे.’ ‘निष्काळजीपणा टाळावा.’ कागदावर कागद चढत गेले आणि माझा मान वाढतो आहे असे मला वाटत राहिले.

आता अलीकडचे सांगते. मावशी म्हाताऱ्या झाल्या. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आणि चार पायांचा वॉकर हाती आला. दार आपल्या ठरलेल्या वेळी मिटे आणि मावशी त्याच्या आत पोहोचत नसत. एका दुपारी त्या आत येत असताना लिफ्टमधल्या वकिलांनी घाईने मला दाबले. दार आले, रबरी पट्टी वॉकरवर आदळली आणि मावशी कुशीवर पडल्या. हाड मोडले नाही, पण धीर मोडला. त्यानंतर पाच महिने त्या खाली उतरल्या नाहीत.

त्यांचा मुलगा आठवड्यातून एकदा येई. मावशींचे घर लिफ्टच्या समोरच असल्यामुळे उंबऱ्यातले बोलणे मला स्पष्ट ऐकू येई.

“आई, महिनाअखेरीला टेम्पो सांगितलाय. माझ्याकडे तळमजला आहे, एक पायरी नाही.”

“तुझ्याकडे उजेड कुठंय? भर दुपारी सुईत दोरा ओवायला दिवा लावावा लागतो.”

“आता कशाला शिवायचंय तुला?”

“म्हणजे? गुडघ्यांबरोबर हातही कापलेत का माझे?”

“पाच महिन्यांत एकदा तरी खाली आलीस? दुकान नाही, डॉक्टर नाही, कोणाकडे जाणं नाही. उद्या काही झालं तर?” मुलाचा आवाज खाली आला. “मला काय हौस आहे का तुला इथून उठवायची? एकदा, फक्त एकदा, कोणी उचलून न आणता खाली उतरून दाखव. टेम्पो रद्द करतो.”

मावशींनी लिफ्टच्या दाराकडे पाहिले. माझ्याकडे पाहून त्यांनी मान वळवली, असे मला वाटले. मी मनात म्हटले, बाई, मी तुमचे काय वाकडे केले?

त्याच सुमारास इमारतीने नवे पॅनेल बसवायचे ठरवले. सेक्रेटरींना काचेचे हवे होते, नुसत्या स्पर्शाने चालणारे. कंपनीने आखणीसाठी एक तरुण मुलगी पाठवली. तिने काचेचा नमुना आणला नाही. तिने एक घडीचे स्टूल आणले, लिफ्टच्या कोपऱ्यात मांडले आणि वही उघडून बसली. चार दिवस बसली! लोक तिला वहीवाली म्हणू लागले.

“काय लिहिता हो एवढं?” सेक्रेटरींनी विचारले.

“माणसं काय करतात ते.”

“चुका करतात, दुसरं काय! शिस्तच नाही कोणाला. मी सात सूचना लावल्यात.”

“आठ आहेत, काका.”

“आठवी कालच लावली. आधीच्या सात कोणी वाचत नाही म्हणून.”

“मग ही कोण वाचणार?”

सेक्रेटरींनी आठव्या कागदाचा सुटलेला कोपरा दाबून चिकटवला. वहीवालीने हसू दाबले, पण वहीतले पान मात्र त्यांच्यापुढे धरले. दार थांबवण्यासाठी शंभर वेळा हात पुढे आले होते. त्यांतले त्रेसष्ट माझ्यावर पडले होते.

मित्रांनो, तो आकडा ऐकून मी गोंधळून गेले. थांबवण्यासाठी, मला? ज्यांना मी ढोंगी म्हणत होते ती सगळी माणसे खरोखरच दार धरू पाहत होती? आणि मग त्यांनी माझ्याकडे का यावे? मी बहिणीकडे पाहिले. ती नेहमीसारखी गप्प होती. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटले की ती आणि मी अगदी सारख्या दिसतो.

पाचव्या दिवशी पॅनेल उघडायला मिस्त्री आला. तोच, पण आता केस पिकलेले आणि चष्मा कपाळावर. झाकण निघाले, उजेड माझ्या पाठीवर पडला.

“अय्या, मिस्त्रीकाका, हिची तार तुटलीय,” वहीवाली म्हणाली. “टोकाला चिकटपट्टी लावलीय कोणीतरी.”

“तुटलेली नाही. तोडलीय,” मिस्त्री म्हणाला. “मीच तोडली. वर शिवणवाल्या मावशींचा हात मोडला, त्या आठवड्यात.”

“म्हणजे एकतीस वर्षं हे बटण कशालाच जोडलेलं नाही?”

“कशालाच नाही. दार आपल्या वेळेनं मिटतं.”

मी ऐकत होते. ऐकू येत होते, पण अर्थ लागत नव्हता. वकिलांचे सात ठोके, नर्सचा सुटलेला श्वास, माझ्या हुकुमासरशी मिटणारे दार. मी नसते तरी ते मिटलेच असते. पणजीला, आजीला, आईला मी आता काय सांगू? मी एकतीस वर्षे नुसती बसून होते?

“मग काढून का नाही टाकलीत?” वहीवालीने माझ्या मनातलाच प्रश्न विचारला.

“काढली होती की, दोन दिवस. लोक रिकाम्या भोकात बोट घालायला लागले!” मिस्त्री हसला. “वकीलसाहेबांचं बोट अडकलं, साबण लावून सोडवलं. माणसाला मिटत्या दारापाशी नुसतं उभं राहवत नाही, बाई. हाताला काहीतरी काम लागतं. म्हणून परत बसवली. दाबतात, शांत होतात, कोणाचं बोट मोडत नाही.”

“आणि हे कोणाला सांगितलं नाहीत?”

“नोकरीला लागून आठ महिने झाले होते. कंपनीची आखणी चुकलीय म्हणालो असतो, तर कंपनीनं आखणी ठेवून मला बदललं असतं.”

दाराशी कोणीतरी खाकरले. सेक्रेटरी उभे होते. किती वेळ, कोणास ठाऊक.

“आखणी चुकलीय म्हणजे?” ते म्हणाले. “चूक माणसाची असते. चित्र स्पष्ट आहे.”

वहीवालीने वाद घातला नाही. ती म्हणाली, “काका, जरा पाठ करून उभे राहा. ही पिशवी या हातात धरा. मी ‘थांबवा’ म्हटलं की वळा आणि दार थांबवा.” तिने त्यांच्याशी हवापाण्याच्या चार गोष्टी केल्या आणि बोलता बोलता एकदम ओरडली, “थांबवा!”

सेक्रेटरी गर्रकन वळले. त्यांचे बोट माझ्यावर येऊन पडले.

कोणी हसले नाही. सेक्रेटरी आपल्या बोटाकडे पाहत राहिले. आठ सूचना लिहिणारे ते बोट होते.

“घाईत माणूस चित्र वाचत नाही, काका,” वहीवाली हळू आवाजात म्हणाली. “डोळा दाराकडे असतो आणि हात दाराच्या बाजूला जे पहिलं लागेल ते धरतो. उघडायचं बटण तिथं हवं होतं. तिथं नेमकं उलटं बसवलंय, आणि दिसायलाही तसंच.”

“म्हणजे त्या दिवशी…” सेक्रेटरी मिस्त्रीकडे वळले.

“त्या दिवशीही हेच झालं, साहेब,” मिस्त्री म्हणाला. “तुम्ही थांबवायलाच हात घातला होता.”

सेक्रेटरी स्टुलावर बसले. “एकतीस वर्षं मी स्वतःला विचारतोय,” ते म्हणाले. “राग होता ना माझ्या मनात, गादीचा. म्हटलं, आपण मुद्दाम तर नाही केलं? स्वतःचाच भरवसा वाटेना.”

मला त्या क्षणी लाज वाटली. मनगट मोडले ते मी. आणि त्याचे ओझे मात्र या माणसाने वाहिले, आणि मावशींनी त्याचा राग वाहिला. मी मात्र चकाकत बसले होते, माझ्या शिस्तीचा टेंभा मिरवत.

“काचेचं नको मग,” स्टुलावरून उठत सेक्रेटरी म्हणाले. “काय करायचं ते तुम्ही सांगा.”

तिने जे केले ते मला अजून पुरते समजलेले नाही, पण सांगते. तिने मला काढले नाही. उलट माझ्या पाठीला तार जोडली, तीही बहिणीच्या तारेलाच. आता दोघींना एकच काम. आमच्यापैकी कोणालाही दाबा, दार उघडे राहणार. माझ्या चेहऱ्यावरचे त्रिकोण कानशीने घासून काढले, आणि त्या जागी उघड्या दारात उभ्या माणसाचे चित्र कोरले. चौथ्या मजल्यावर दार जास्त वेळ थांबेल असे केले. आणि दार बंद करण्यासाठी? काहीच ठेवले नाही! फक्त दारावर पाच बारीक दिवे लावले. ते एकेक करून विझतात आणि पाचवा विझला की दार मिटते.

“वकीलसाहेब काय दाबणार?” मिस्त्रीने विचारले.

“काही नाही दाबणार. किती वेळ थांबायचंय ते दिसलं की माणूस थांबतो. न दिसणारं थांबणंच जड जातं.”

आणि खरोखर वकील दिव्यांकडे बघत उभे राहिले. हात खिशात!

“हाताचं काम डोळ्यांना दिलंत होय,” मिस्त्री म्हणाला, आणि निवृत्तीला सहा महिने उरलेला तो माणूस मुलासारखा खूश झाला.

मी मात्र भांबावलेली होते. आमच्या घराण्यात दार उघडे धरण्याचे काम कधी कोणी केले नव्हते. मी बहिणीला विचारले, “हे कसे करायचे असते?” ती म्हणाली, “काही करायचे नसते. कोणी येते आहे का ते पाहायचे.” इतकी वर्षे मी माझ्याकडे येणारे बोट पाहिले होते. दाराबाहेरचे माणूस मी कधी पाहिलेच नव्हते.

मित्रांनो, आता मी थोरलेपणाच्या अधिकाराने तुम्हाला एक सांगते आणि ते तुम्ही पाळायचे आहे. कोणी चुकीची कळ दाबली, चुकीच्या रांगेत उभे राहिले, चुकीचा नळ सोडला, तर त्याला वेंधळा म्हणण्याआधी त्याच्या जागी जाऊन उभे राहा. हातात दोन पिशव्या घ्या आणि मग पाहा. तुमच्यापैकी कोणी उद्या काही वस्तू घडवणार असेल, तर त्याने ती खुर्चीत बसून पाहू नये. धावणाऱ्याच्या, घाबरलेल्याच्या, थकलेल्याच्या डोळ्यांनी पाहावी. ज्याच्यासाठी वस्तू घडवायची त्याच्याकडे चार दिवस गप्प बसून बघण्याइतके नम्र व्हा. मला हे एकतीस वर्षांनी समजले, तुम्हाला आजच समजावे.

आता शेवटचे. महिनाअखेरीला दोन दिवस राहिले होते. सकाळी दहाच्या सुमारास सेक्रेटरी लिफ्टमध्ये आले, चौथा मजला दाबला आणि भिंतीवरचे आठही कागद एकेक करून सोलून काढले. वर पोहोचल्यावर कोपऱ्यात राहिलेले वहीवालीचे स्टूल दारात अडकवून त्यांनी समोरची बेल वाजवली. मावशींनी दार उघडले. एकतीस वर्षांनी ती दोन माणसे समोरासमोर उभी राहिली.

“पाण्याची तक्रार असेल तर आधीच सांगते,” मावशी म्हणाल्या. “गॅलरी कोरडी ठणठणीत आहे.”

“तक्रार नाही, ताई. लिफ्टचं दार मी धरतो, तुम्ही खाली चला.”

“तुम्ही धरणार? मागे धरलंत तेव्हा सहा आठवडे प्लास्टर होतं.”

“म्हणूनच आलोय.” सेक्रेटरींनी सगळे सांगितले. बटणाचे, तारेचे, पिशवी हातात घेऊन वळल्याचे. “मी थांबवायलाच दाबलं होतं हो. मलाच खात्री नव्हती, तर तुम्हाला काय सांगणार?”

मावशींची नजर त्यांच्या हातातल्या सोललेल्या कागदांवर गेली.

“आणि त्या सूचना? ‘योग्य बटण दाबावे’?”

“त्या बहुतेक मी मलाच लावत होतो.”

“अक्षर मात्र चांगलं आहे तुमचं,” मावशी म्हणाल्या. “बरं. स्टूल काढा तिथून. आधी रिकामं दाखवा.”

सेक्रेटरींनी स्टूल काढले, आत गेले आणि अंगठा माझ्यावर ठेवला. माझ्यावरच, अर्थात. पाचही दिवे लागलेले राहिले, दार उघडे राहिले. मावशींनी वॉकर नुसताच पुढे ढकलून दाराच्या मधोमध उभा केला आणि मागे सरून पाहिले. काही झाले नाही.

“हं,” त्या म्हणाल्या.

मग त्या आल्या. एक पाऊल, वॉकर, दुसरे पाऊल. उंबऱ्यावर त्या थांबल्या. वॉकरवरचा डावा हात उचलला आणि दाराच्या कडेवर ठेवला. तीच कड, तीच जागा, तेच मनगट, जरासे तिरपे जुळून आलेले.

“हलू नका,” त्या म्हणाल्या.

“हलत नाही,” सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा अंगठा घामाने ओला झाला होता.

मावशींनी उजव्या हाताने पदराआडून फोन काढला. खालच्या मजल्यावरून कोणीतरी लिफ्टला हाका मारू लागले. “कोण अडवून बसलंय रे?” मावशींनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही.

“हॅलो. मी बोलतेय. तो टेम्पो रद्द कर… हो, आत्ता… लिफ्टमध्ये आहे, खाली निघालेय… नाही, कोणी उचललं नाही, माझ्या पायांनी… रडतोस काय? आधी मला सांग, जेवलास का?”

बोलणे बरेच लांबले. खालून हाका येत राहिल्या. सेक्रेटरींनी बोट उचलले नाही आणि मी दार सोडले नाही. त्या तिरप्या मनगटाचा सगळा भार दाराच्या कडेवर होता, आणि ती कड तसूभरही हलली नाही. शेवटी मावशींनी फोन बंद केला, सावकाश हात उचलला आणि दोन पावले टाकून आत आल्या. सेक्रेटरींनी अंगठा काढला. दिवे एकेक करून विझले आणि दार आपल्या आपण मिटले. मी त्या मनगटाचे एकतीस वर्षे देणे लागत होते. ते त्या सकाळी पूर्ण फेडले.